निष्ठा फक्त मतदारांनीच दाखवायची का? डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्यांना खुलं पत्र

न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमधल्या समस्त डेमोक्रॅटिक नेतेमंडळींना,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितेय कारण मला राग मराठीतच नीट येतो. मिशिगनचे खासदार श्री ठाणेदार मूळचे बेळगावचे आहेत, तेव्हा बाकीच्यांनी त्यांच्याकडून वाचून घ्यावं. त्यांचा विषय पुढे येणारच आहे.

आधी माझी ओळख करून देते, म्हणजे मग कोणी फुटीर वगैरे म्हणायला नको. मी मूळची मिरजेची, राहते क्वीन्समध्ये, २००८ साली सिटिझन झाले आणि त्याच नोव्हेंबरमध्ये पहिलं मत ओबामांना दिलं. तेव्हापासून नोव्हेंबरच्या बॅलटवर ज्याच्या नावापुढे डेमोक्रॅट लिहिलेलं असेल त्याला मत देत आलेय, आवडो न आवडो. २०१६ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, बर्नी सँडर्स, नोव्हेंबरमध्ये हिलरी क्लिंटन. २०२० ला मनात एलिझाबेथ वॉरन होत्या, मत बायडनना. २०२४ ला तर आम्हाला कोणी विचारलंच नाही, जुलैमध्ये बायडन बाजूला झाले, कमला हॅरिस आल्या, बरं म्हटलं आणि त्यांना दिलं. तेव्हा निष्ठा या विषयावर मला लेक्चर देऊ नका, आज मी देतेय आणि तुम्ही ऐकायचंय.

तुमचे ईमेल येतात, टेक्स्ट येतात, दारावर कॉलेजची पोरं येतात आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, की प्रायमरीत काय भांडायचं ते भांडून घ्या पण एकदा नॉमिनी, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार, ठरला की सगळ्यांनी एक व्हायचं. व्होट ब्लू नो मॅटर हू, ब्लू म्हणजे आपल्या पक्षाचा रंग, माणूस कोणीही असो. मला हे पटतं हो. खरंच पटतं. या देशातल्या निवडणुकीत शेवटी दोनच घोडे पळतात, तिसऱ्याला दिलेलं मत किंवा घरी बसून न दिलेलं मत बहुतेक वेळा ज्याला आपण सगळ्यात कमी पसंत करतो त्याच्याच कामी येतं, हे गणित मी माझ्या ऑफिसातल्या एका पोराला २०१६ मध्ये लंच सोडून समजावलं होतं. तो बर्नीवाला, म्हणायचा मी नाही जाणार मतदानाला. मी गेले होते त्याच्या मागे लागायला. तुम्ही नव्हता आला.

तर माझा प्रश्न एवढाच आहे, हा नियम तुम्हाला पण लागू आहे ना? की फक्त आम्हालाच?

जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेयरसाठी आपल्या पक्षाची प्रायमरी झाली. मायदेशात वाचणाऱ्यांसाठी सांगते, आपल्याकडे कसं तिकीट वरून येतं, मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरतं आणि शेवटच्या रात्री कोणाच्या तरी हातात एबी फॉर्म पडतो, तसं इथे नसतं. इथे पक्षाचा उमेदवार कोण हे पक्षाचे रजिस्टर्ड मतदार मत देऊन ठरवतात, रीतसर बूथ, रीतसर मशीन, सगळं सरकारी. आणि न्यूयॉर्कमधे तर क्लोज्ड प्रायमरी, म्हणजे तुम्ही आधीपासून डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले नसाल तर आतच घेत नाहीत, ऐनवेळी बाहेरच्या लोकांनी येऊन काही घोळ घालायची सोय नाही. शिवाय मेयरसाठी पाच जणांना पसंतीक्रम देता येतो. माझा पहिला नंबर ब्रॅड लँडर. डाव्या विचारांच्या झोहरान ममदानींना दुसरा, तोही लँडर आणि ममदानी दोघांनी एकमेकांना पाठिंबा दिला होता म्हणून. मी काही त्यांची फॅन नाही, फुकट बस आणि रेंट फ्रीझ, म्हणजे भाडेवाढ बंद, हे कानाला छान वाटतं पण पैसे कुठून येणार हा प्रश्न मला तेव्हाही होता आणि आताही आहे.

पण निकाल लागला तो स्वच्छ लागला. शेवटच्या फेरीत ममदानी ५६ टक्के, माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो ४४ टक्के. निसटता विजय नव्हता तो. कुओमोंनी त्याच रात्री, २४ जूनला, हार मान्य केली. संपला ना विषय?

नाही संपला. जुलैमध्ये कुओमो म्हणाले मी अपक्ष लढणार. आणि हे काही रागाच्या भरात नव्हतं बरं का, प्रायमरीच्या आधीच त्यांनी 'फाइट अँड डिलिव्हर' नावाची दुसरी लाईन, म्हणजे बॅलटवर स्वतःची वेगळी जागा, तयार ठेवली होती. म्हणजे निवडून आलो तर पक्षाचा, पडलो तर माझा स्वतःचा. एरिक अॅडम्स, जे २०२१ मध्ये याच पक्षाच्या प्रायमरीतून मेयर झाले, ते तर प्रायमरीत उतरलेच नाहीत, थेट अपक्ष, मग सप्टेंबरअखेर तेही गळाले. हे दोघं जाऊ देत, त्यांचा स्वार्थ होता, स्वार्थी माणूस स्वार्थाने वागला यात काय नवल. मला तुमच्याबद्दल बोलायचंय, ज्यांचा काही स्वार्थ नव्हता त्यांच्याबद्दल.

गव्हर्नर होकुल यांचा पाठिंबा सप्टेंबरच्या मध्यात आला. हकीम जेफ्रीज, हाउसमधले आपल्या पक्षाचे सगळ्यात मोठे नेते, स्वतः ब्रुकलिनचे, यांनी पाठिंबा दिला २४ ऑक्टोबरला. अर्ली व्होटिंग दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं. २४ जून ते २४ ऑक्टोबर, चार महिने एवढं कसलं विचारमंथन चाललं होतं ते कळायला मार्ग नाही. चक शूमर, सेनेटमधले नेते, तेही ब्रुकलिनचे, त्यांनी शेवटपर्यंत पाठिंबा दिलाच नाही आणि मतदानाच्या दिवशी पत्रकारांनी विचारलं कोणाला मत दिलंत तर तेही सांगितलं नाही. राज्यातल्या पक्षाचे अध्यक्ष जे जेकब्स यांनी तर उघड सांगितलं की मी एंडोर्स करणार नाही. अध्यक्षांनी हो! आपल्याकडे जिल्हाध्यक्षाने अधिकृत उमेदवाराचं काम केलं नाही तर निदान तो लपवतो तरी, रात्रीच्या अंधारात जाऊन दुसऱ्याला मदत करतो, दिवसा स्टेजवर हार घालून उभा असतो. इथे लाज म्हणून तेवढं नाटकही नाही.

आणि मतदानाच्या आदल्या दिवशी ट्रम्प म्हणाले कुओमोंना मत द्या. यावर मी काय बोलणार.

शेवटी २० लाखांवर लोकांनी मतदान केलं, १९६९ नंतर पहिल्यांदा एवढं झालं, आणि ममदानींना त्यातली १० लाखांवर मतं मिळाली, पन्नास टक्क्यांच्या थोडंसं वर. निवडून आले, १ जानेवारीला शपथ झाली, आता ते मेयर आहेत आणि तुम्ही सगळे त्यांच्याबरोबर फोटो काढताय. मला तो फोटो नकोय. कुओमोंना जी ४० टक्क्यांच्या वर मतं पडली त्यातली कितीतरी डेमोक्रॅट लोकांची होती, माझ्या बिल्डिंगमध्येच होती, आणि त्या लोकांना मी काय तोंडाने म्हणू की बाबांनो नॉमिनीच्या पाठीशी राहा? ते म्हणाले असते की तुझे शूमरच नाही राहिले, आम्ही कशाला राहू. खरं सांगायचं तर एक बाई अगदी हेच म्हणाल्या, लिफ्टमध्ये, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही म्हणाल की पक्षाच्या नेत्याला पण विवेक असतो, एखाद्या उमेदवाराचे विचार नाही पटत, इस्रायलबद्दलची भूमिका नाही पटत, त्याने काय करावं. मान्य. विवेक मलाही आहे. पण गेली कित्येक वर्षं तुम्ही मला सांगताय की विवेक प्रायमरीत वापर, नोव्हेंबरमध्ये पक्ष बघ. २०२४ च्या फेब्रुवारीत मिशिगनमध्ये लाखभर लोकांनी प्रायमरीत बायडनऐवजी 'अनकमिटेड'वर, म्हणजे 'कोणालाच नाही'वर, शिक्का मारला, गाझाच्या प्रश्नावर. तोही विवेकच होता ना? त्यांना तुम्ही काय सांगितलंत, की आता हे फार झालं, समोर ट्रम्प आहे, मुकाट्याने या. शिकागोच्या कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात, त्यांनी एका पॅलेस्टिनी-अमेरिकन वक्त्याला बोलू द्या म्हणून विनवण्या केल्या, तेही दिलं नाही. म्हणजे त्यांचा विवेक हट्टीपणा, तुमचा विवेक तत्त्वनिष्ठा. असं नाही चालत हो.

आणि हे काही न्यूयॉर्क शहरापुरतं नाही. २०२१ ला बफेलोमध्ये इंडिया वॉल्टन या बाईंनी चार वेळा मेयर राहिलेल्या बायरन ब्राउनना प्रायमरीत हरवलं. ब्राउन लगेच राइट-इन म्हणून उभे, म्हणजे बॅलटवर नाव छापलेलं नसतं, मतदाराने स्वतः लिहायचं. त्यांच्या लोकांनी नावाचे रबरी शिक्के वाटले, की स्पेलिंग चुकायला नको! आणि जिंकले. शूमरसाहेबांनी तेव्हा वॉल्टनना पाठिंबा दिला होता, ते मी विसरलेले नाही, त्याचं क्रेडिट देते. पण गव्हर्नर होकुल, ज्या त्याच भागातल्या, त्या तटस्थ राहिल्या आणि जेकब्स तेव्हाही अध्यक्षच होते आणि तेव्हाही पाठिंबा द्यायला तयार नव्हते. त्याच्याही आधी २००६, कनेक्टिकट, सेनेटर जो लीबरमन प्रायमरी हरले, अपक्ष उभे राहिले, निवडून आले आणि परत येऊन सेनेटमध्ये कमिटीचे चेअरमन झाले. दोन वर्षांनी त्यांनी रिपब्लिकन कन्व्हेन्शनमध्ये जाऊन त्यांचे उमेदवार मॅकेन यांच्यासाठी भाषण केलं, तरी चेअरमनपद शाबूत! इकडे एखादा बर्नीवाला घरी बसला तर त्याच्या नावाने दहा वर्षं शिमगा.

हा बर्नीवाल्यांचा विषय निघालाच आहे तर जरा थांबून बोलते, कारण यात खूप खोटं पसरलंय.

२०१६ नंतरच्या एका मोठ्या सर्वेक्षणात निघालं की प्रायमरीत सँडर्सना मत देणाऱ्यांपैकी साधारण १२ टक्के लोक नोव्हेंबरमध्ये ट्रम्पकडे गेले. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून हिलरी ऐंशी हजारांपेक्षाही कमी मतांनी हरल्या, तेव्हा हे १२ टक्के डोळ्यात खुपणारच. मलाही खुपतात. पण तुम्ही कधी हे सांगत नाही की २००८ मध्ये हिलरींच्या समर्थकांपैकी मॅकेनकडे गेलेल्यांचं प्रमाण याहून जास्त होतं. त्यांनी तर पूमा म्हणून अख्खी चळवळच काढली होती, त्याचा फुलफॉर्म मी सभ्य पत्रात लिहीत नाही. फरक एवढाच की तेव्हा ओबामा जिंकले, म्हणून कोणी हिशेब मागितला नाही.

बरं, तेव्हा जे राहिले ते का राहिले? मला आठवतंय, मी तेव्हा नवीकोरी सिटिझन, सगळं टीव्हीवर डोळे फाडून बघायचे. ७ जूनला हिलरींनी माघार घेतली आणि त्याच भाषणात, मागेपुढे न बघता, ओबामांचं काम करा म्हणाल्या. त्याच महिन्यात दोघं मिळून न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या खेड्यात गेले, का तर तिथल्या प्रायमरीत दोघांना बरोब्बर १०७-१०७ मतं पडली होती. स्टंटच तो, पण असले स्टंट लागतात, माणसं त्यावरच हलतात. मग डेन्व्हरच्या कन्व्हेन्शनमध्ये राज्याराज्यांची मतमोजणी चालू असताना हिलरी स्वतः उठल्या आणि म्हणाल्या पुढची मोजणी थांबवा, ओबामांना एकमताने नॉमिनी करा. हरलेल्या बाईने स्वतःच्या तोंडाने! आणि ओबामांनी पण कद्रूपणा नाही केला, त्यांच्या प्रचाराचं कर्ज फेडायला आपल्या देणगीदारांना सांगितलं, नंतर परराष्ट्रमंत्री केलं. हे सगळं बघून लोक वळले. तुम्ही धमकावलं म्हणून नाही वळले.

आता २०१६ बघा. सँडर्सनी १२ जुलैला पाठिंबा दिला, नंतर हिलरींसाठी राज्याराज्यांत सभा घेतल्या, हरलेल्या माणसाने जे करायचं ते त्यांनी केलं. पण पक्षाने काय केलं? कन्व्हेन्शनच्या तोंडावर पक्षाच्या ऑफिसमधले ईमेल फुटले, त्यात कर्मचारी सँडर्सविरुद्ध काय काय बोलतायत ते जगाने वाचलं, अध्यक्षा डेबी वॉसरमन शुल्ट्झना राजीनामा द्यावा लागला, आणि त्याच दिवशी, त्याच दिवशी हो, हिलरींच्या प्रचारात त्यांना मानद पद जाहीर झालं. ज्याच्यावर अन्याय झालाय असं वाटतंय त्याच्या जखमेवर यापेक्षा जास्त मीठ कसं चोळतात मला माहीत नाही. आणि ज्या विस्कॉन्सिनमध्ये सँडर्स प्रायमरी मोठ्या फरकाने जिंकले होते तिथे हिलरी त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत एकदाही गेल्या नाहीत. मनधरणी नाही, चौकशी नाही, गृहीत धरलं. तरीसुद्धा त्या मतदारांपैकी खूप मोठा भाग आलाच. मी त्यातलीच एक.

त्या १२ टक्क्यांना मी माफ केलंय असं समजू नका. ट्रम्पला मत देऊन बर्नीचा बदला कसा घेतला जातो ते मला आजतागायत समजलेलं नाही. पण मतदार तुमच्या पगारावर नाहीये. त्याने पक्षाकडून काही खुर्ची घेतलेली नाही, तुम्ही घेतलीय. निष्ठेची सक्ती करायची तर आधी कोणावर?

आता ठाणेदार साहेब, तुम्ही म्हणाल माझं नाव घेऊन ठेवलं आणि विसरली. नाही विसरले. २०२२ ला डेट्रॉइटच्या १३ व्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे मतदारसंघात, तुम्ही प्रायमरी जिंकलात, उमेदवारांची ही गर्दी, आणि तुम्हाला मतं पडली साधारण २८ टक्के. म्हणजे शंभरातल्या बहात्तर डेमोक्रॅट लोकांना दुसरंच कोणीतरी हवं होतं. कृष्णवर्णीय लोकांचं बहुमत असलेलं शहर, कित्येक दशकं तिथून कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये जात होता, आणि ती परंपरा बेळगावहून आलेल्या, स्वतःचे पैसे ओतून लढणाऱ्या एका उद्योजकामुळे तुटली. लोकांना राग नव्हता का? होता. पण नोव्हेंबरमध्ये तुम्हाला ७० टक्क्यांच्या वर मतं पडली. त्या बहात्तरांपैकी बहुतेकांनी नाक मुरडत का होईना तुमच्या नावापुढचा गोल काळा केला. याला म्हणतात निष्ठा, आणि ती एका मराठी माणसाला मिळालीय, म्हणून मला वाटतं तुम्ही तरी या बाकीच्यांना चार शब्द सांगावेत.

माझ्या माहेरची मंडळी हे वाचतील आणि म्हणतील, तू आम्हाला काय सांगतेस, सांगलीत तर आम्ही बंडखोरालाच निवडून दिला. २०२४ ची लोकसभा. जागा आघाडीत ठाकरेंच्या शिवसेनेकडे गेली, तिकीट चंद्रहार पाटलांना, आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील लिफाफा घेऊन अपक्ष उभे राहिले, लाखभर मतांनी आले, अधिकृत उमेदवार तिसरा. मला त्यात काही वावगं वाटत नाही. कारण सांगलीतल्या काँग्रेसवाल्याला आधी कोणी विचारलं होतं का कोण हवाय म्हणून? वर बसून जागावाटप झालं, खाली कळवलं. जिथे प्रायमरी नाही तिथे लोक ती मुख्य निवडणुकीतच उरकतात. पण न्यूयॉर्कमध्ये विचारलं होतं. कुओमोंना लोकांनी जूनमध्ये नाही म्हणून सांगितलं होतं, ते ऐकायचं नव्हतं म्हणून नोव्हेंबरमध्ये परत विचारलं, आणि तुम्ही बाजूला हाताची घडी घालून बघत बसलात. विशाल पाटलांचं बंड आणि हे बंड एका मापाने मोजू नका.

तर माझं मागणं फार नाहीये. प्रायमरीत तुम्हाला ज्याला पाठिंबा द्यायचा त्याला द्या, उघड द्या, पैसे द्या, सभा घ्या, मला काही अडचण नाही, तुम्ही पण मतदारच आहात. पण निकाल लागला की आठवड्याभरात, चार महिन्यांनी नाही, जिंकलेल्या माणसाबरोबर जाऊन उभे राहा. प्रत्येक मुद्दा पटलाच पाहिजे असं नाही, पटत नाही ते सांगा आणि तरीही मत द्या म्हणा, मी हेच करत आलेय इतकी वर्षं, जमतं, काही मरत नाही माणूस. आणि अगदीच जमणार नसेल, एखादा उमेदवार तुमच्या तत्त्वात बसूच शकत नसेल, तर तसं प्रायमरीच्या आधी सांगून टाका, की अमुक जिंकला तर मी पक्षाचं काम करणार नाही. मग आम्ही पण तसं सांगू, आणि तुम्ही आम्हाला स्पॉयलर, म्हणजे मतं फोडून खेळ बिघडवणारे, म्हणायचं नाही. पक्षाध्यक्षांना मात्र ही सवलतसुद्धा नाही. नॉमिनीचं काम करायचं नसेल तर पद सोडा, दुसरा कोणी करेल.

आणि प्रायमरी हरलेल्याने त्याच निवडणुकीत दुसऱ्या लाईनवर उभं राहायचं नाही, असा कायदा देशातल्या बहुतेक राज्यांत या ना त्या रूपात आहे. न्यूयॉर्कमध्ये विधिमंडळ तुमच्या ताब्यात, गव्हर्नर तुमच्या. विधेयक आणायला रिपब्लिकन अडवतायत असं तर म्हणता येणार नाही.

या वर्षी, २०२६ मध्ये, मिडटर्म आहे, म्हणजे राष्ट्राध्यक्षांची मुदत अर्धी झाल्यावर होणारी काँग्रेसची निवडणूक. मिशिगनमध्ये सेनेटच्या जागेसाठी ऑगस्टमध्ये प्रायमरी आहे, डावे, मधले सगळे एकमेकांवर तुटून पडलेत, निकालानंतर कोणी ना कोणी रुसणारच. तुमचा तीन डॉलर मागणारा टेक्स्ट आज सकाळीच आलाय, उत्तर दिलेलं नाही. ऑगस्टमधला निकाल लागू दे. जिंकणारा तुमचा लाडका नसला तर त्या आठवड्यात तुमच्यापैकी कोण कोण विमान पकडून डेट्रॉइटला जातंय ते बघते, मग पैशाचं ठरवते.

कळावे,

क्वीन्समधली एक रजिस्टर्ड डेमोक्रॅट